जगलेला किडा हा स्वच्छतेचा दाखला नव्हे

(जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आजच्या बैठकीत कापसाच्या भावाचा विषय आहे, विजेचा आहे, कर्जाचा आहे. त्यात मी पाण्यातल्या किड्यांचा विषय घेऊन उभा राहिलो, तेव्हा मागच्या रांगेत कोणीतरी हसले. हसायला हरकत नाही. पण कापूस पिकवणाऱ्या माणसाला किड्याची ताकद मी सांगायला नको. एका बोंडअळीने आपले किती हंगाम खाल्ले याचा हिशोब प्रत्येकाच्या घरात आहे. आजचा किडा मात्र आपले काही खात नाही. तो नाल्याच्या आणि तलावाच्या गाळात राहतो, आणि त्या गाळात काय साचले आहे याची साक्ष देतो. ती साक्ष वाचायची कशी, एवढाच आजचा विषय.

हा विषय आताच काढण्याचे कारण गाळ. २०१७ साली राज्यात 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना सुरू झाली. तलावाचा गाळ काढायचा आणि शेतात पसरायचा. कल्पना चांगली आहे. आपले वाडवडील योजनेशिवाय तेच करत आले. बरड रानाला गाळ मिळाला की ओल टिकते, ज्वारीचे ताट वेगळे दिसते. ज्या तलावाच्या वर फक्त शेते आणि माळ आहे, तिथला गाळ खुशाल न्या. पण ज्या तलावात औद्योगिक वसाहतीचा नाला येतो, शहराचे गटार येते, तिथे गाळ उचलण्याआधी एक प्रश्न विचारायला हवा. तो विचारला की ठरलेले उत्तर मिळते : "अहो, त्या गाळात किडे वळवळतात, वर मासे आहेत. विष असते तर सगळे मेले नसते का?"

हे उत्तर ऐकायला बिनतोड वाटते. ते खरे आहे का, ते तपासू.

धातू सडत नाही

कॅडमियम, शिसे, पारा, क्रोमियम, निकेल, तांबे, जस्त यांना जड धातू म्हणतात. यातले तांबे आणि जस्त पिकाला चिमूटभर लागतात. कॅडमियम, शिसे, पारा यांचा पिकाला काहीही उपयोग नाही. कीटकनाशक उन्हाने, पाण्याने, जिवाणूंनी कधी ना कधी मोडते. धातू मोडत नाही. तो मूलद्रव्य आहे, त्याचे आणखी तुकडे व्हायचे नाहीत. जागा बदलेल, रूप बदलेल, पण नाहीसा होणार नाही.

हे धातू येतात मुलामा देण्याच्या कारखान्यातून, बॅटरीतून, रंगातून, चामडे कमावण्यातून, कोळशाच्या राखेतून. आणि खरे बोलायचे तर थोडे आपल्या पोत्यातूनही येतात. फॉस्फेट ज्या दगडापासून बनते त्या दगडातच कॅडमियम असते, खाणीप्रमाणे कमीजास्त. ते सुपर फॉस्फेट, डीएपीमधून थोडे थोडे रानात उतरते. मर रोगावर आपण जे ब्ल्यू कॉपर ओततो त्यात तांबे आहेच.

पाण्यात पडलेला धातू पाण्यात फार काळ राहत नाही. मातीच्या बारीक कणांना चिकटतो आणि तळाशी बसतो. म्हणून असे होते की बाटलीत भरलेले पाणी तपासणीत पास होते आणि त्याच पाण्याखालचा गाळ भरलेला असतो. बाटली आजचे सांगते. गाळ वीस-तीस वर्षांची खतावणी आहे.

चार दिवसांची परीक्षा

गोड्या पाण्यात डोळ्यांना जेमतेम दिसणारे पुष्कळ जीव असतात. जुन्या मंडळींना नारू आठवत असेल. पाणी फडक्याने गाळून प्या असे सांगत, कारण नारूचे पिल्लू सायक्लॉप्स नावाच्या बारीक जिवाच्या पोटात असे. तशीच एक पाणपिसू असते, शास्त्रज्ञ तिला डॅफ्निया म्हणतात. ती शेवाळ खाते आणि माशांची पिल्ले तिला खातात. तिच्या खाली, तळाच्या गाळात, केसासारखे बारीक लाल किडे असतात, गांडुळाच्याच कुळातले.

एखादे द्रव्य किती विषारी, हे ठरवायची जुनी रीत अशी : त्या पाण्यात जीव सोडायचे आणि किती मात्रेला दोन किंवा चार दिवसांत निम्मे मरतात ते पाहायचे. शेतकी कॉलेजात आम्हाला हेच शिकवले. परीक्षा सोपी आहे, स्वस्त आहे. पण ती फक्त मरण मोजते.

तुम्हीच सांगा, फवारणीनंतर चौथ्या दिवशी पराटी उभी आहे, म्हणून उतारा पूर्ण येईल असे कोणी म्हणेल का? झाड हिरवेगार राहते आणि पाती-फुले गळून जातात. कापसाचे नुकसान झाडाच्या मरणावर मोजत नाहीत, बोंडांवर मोजतात. पाण्यातल्या जिवांचेही तसेच आहे.

अमेरिकेत लेक सुपीरियर सरोवराच्या पाण्यात पाणपिसवांवर केलेला एक प्रयोग १९७२ साली छापून आला. बायसिंजर आणि ख्रिस्टेन्सन या दोघांनी तो केला. चार दिवसांवर न थांबता त्यांनी तीन आठवडे वाट पाहिली आणि पिल्ले मोजली. तीन आठवड्यांत निम्म्या पाणपिसवा मरायला लिटरला ५ मायक्रोग्रॅम कॅडमियम लागले. मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. पण पिल्लांची संख्या १६ टक्क्यांनी घटायला लिटरला ०.१७ मायक्रोग्रॅम पुरले. म्हणजे मारायला लागते त्याच्या साधारण तिसाव्या हिश्श्याएवढ्या मात्रेत वंश आटायला लागला.

आपल्या देशात माणसाच्या पिण्याच्या पाण्यात कॅडमियमची मर्यादा लिटरला ३ मायक्रोग्रॅम आहे. पिण्याला पास झालेले पाणीसुद्धा पाणपिसवेच्या कुळाला जड जाऊ शकते. इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. त्या सरोवराचे पाणी मऊ आहे. आपल्या काळ्या पाषाणातले पाणी बहुतेक ठिकाणी क्षाराचे, जड आहे, आणि जड पाण्यात धातूचा दंश कमी होतो. म्हणून तो आकडा जसाच्या तसा आपल्या विहिरीला लावू नका. पण धडा लावा : न मरणे आणि नांदणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

हडसन नदीकाठचे लाल किडे

आता मूळ प्रश्नाकडे येतो. विष असूनही किडे वळवळत राहतील का? याचे उत्तर न्यूयॉर्क राज्यातल्या हडसन नदीवर मिळाले. कोल्ड स्प्रिंग नावाच्या गावापाशी नदीचे पाणी काठात आत शिरून एक उथळ जागा झाली आहे. तिला फाउंड्री कोव्ह म्हणतात. १९५० नंतरच्या दशकात तिथे निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांचा कारखाना उभा राहिला, तो सैन्यासाठी माल करत असे. १९७९ पर्यंत, म्हणजे जवळपास पंचवीस वर्षे तिथे बॅटऱ्या बनल्या आणि टनांच्या हिशोबाने कॅडमियम, निकेल, कोबाल्ट त्या पाण्यात गेले. कारखान्याच्या मोरीजवळ काही जागी सुकवलेल्या गाळाच्या शंभर भागांत एक भाग आणि त्याहूनही जास्त कॅडमियम भरले.

इतक्या विषात तळ ओसाड व्हायला हवा होता. पण गाळात लाल किडे भरपूर होते. १९८० नंतरच्या दशकात पॉल क्लर्क्स आणि जेफ्री लेव्हिंटन या दोन शास्त्रज्ञांनी हे कोडे हाती घेतले. शेजारच्या स्वच्छ जागेतले, त्याच जातीचे किडे आणून त्यांनी कारखान्याच्या गाळात सोडले. ते तगले नाहीत. त्या गाळातलेच किडे मात्र त्यात मजेत राहिले. मग त्यांनी या तगणाऱ्या किड्यांची पिल्ले आणि पिल्लांची पिल्ले स्वच्छ गाळात वाढवली. तरीही नातवंडांत विष सोसण्याची ताकद टिकली. म्हणजे ती सवय नव्हती, ती रक्तात उतरली होती. पुढे त्यांनी साध्या किड्यांना कॅडमियम देऊन, वाचलेल्यांची पैदास करून पाहिले. तीनच पिढ्यांत ताकद बरीच वाढली.

हे ऐकून शास्त्रज्ञांना नवल वाटले. तुम्हाला वाटू नये, कारण तुम्ही हा प्रयोग स्वतःच्या रानात आणि स्वतःच्या खर्चाने दोनदा पाहिला आहे. १९८० नंतर सिंथेटिक पायरेथ्रॉइड औषधे आली. पहिली काही वर्षे अळी टपाटप पडली. १९८७ साली आंध्रात हिरवी बोंडअळी दाद देईना आणि नंतर ती आपल्याकडेही ऐकेनाशी झाली. मग २००२ साली बीटी कापूस आला, २००६ साली दोन जनुकांचा आला, आणि २०१७ साली गुलाबी बोंडअळीने महाराष्ट्रात त्याच बीटीच्या बोंडात बसून सरकी खाल्ली. औषध अळीला शिकवत नाही. हजारात एखादी अळी जन्मतःच सोसणारी असते. बाकीच्या मरतात, ती उरते, पुढची पिढी तिचीच. हडसनच्या गाळात हेच झाले.

आता त्या उत्तराकडे परत चला : "विष असते तर किडे मेले नसते का?" मेले होते. न सोसणारे सगळे मेले होते. आपण पाहतो ती वाचलेल्यांची औलाद. २०१७ साली शेतात गुलाबी अळी जिवंत दिसली म्हणून त्या कापसात बीटीचे विष नव्हते, असे कोणी म्हणाले का? मग गाळात किडा जिवंत दिसतो म्हणून गाळात धातू नाही, हे कसे मान्य करायचे?

सोसलेले विष जाते कुठे

किडा कॅडमियम सोसतो म्हणजे ते पचवून संपवतो असे नाही. धातू संपत नाही, हे आपण पाहिले. तगणारा किडा कॅडमियम पकडून अंगातच बांधून ठेवतो, काही प्रथिनांना चिकटवून आणि काही बारीक कणांच्या रूपात. त्याला ते बाधत नाही, पण त्याच्या अंगात ते साठत जाते. साधा किडा लवकर मरतो, म्हणून फार साठवू शकत नाही. तगणारा जास्त साठवतो.

मग झिंगा येतो आणि किडा खातो. कणांत बांधलेले कॅडमियम झिंग्याला कमी लागते, प्रथिनाला चिकटलेले जास्त लागते, असे विल्यम वॉलेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांना आढळले. २००० साली त्यांनी आणखी एक गोष्ट छापली : कॅडमियम असलेले भक्ष्य खाणाऱ्या झिंग्यांची शिकार पकडण्याची ताकदच घटली. झिंगा मेला नाही. चार दिवसांच्या परीक्षेत तो पास झाला असता. पण ज्याला भक्ष्य धरता येत नाही तो किती दिवस जगणार, आणि त्याच्यावर जगणारा मासा काय खाणार?

म्हणून छोट्या जिवाचे तगणे ही आनंदाची बातमी नव्हे. त्याने स्वतःची सुटका करून घेतली आणि बिल वरच्याच्या नावावर पाठवले. असले बिल शेवटी कोणाच्या दारात येते, हे शेतकऱ्याला सांगायला नको.

जपानमध्ये ते शेतकऱ्याच्याच दारात आले. तोयामा प्रांतात जिंझू नदीच्या वरच्या अंगाला कामिओका ही जस्त-शिशाची खाण होती. तिचे कॅडमियम नदीतून भातशेतीत उतरले. नदीकाठच्या बायांची हाडे ठिसूळ होऊन मोडू लागली. लोकांनी त्या दुखण्याचे नाव 'इताई-इताई' ठेवले, म्हणजे 'दुखतं गं, दुखतं गं'. १९६८ साली सरकारने हा प्रदूषणाचा रोग आहे असे मान्य केले. त्याच वर्षी लोक कोर्टात गेले, १९७१ साली जिंकले, आणि १९७२ साली अपिलातही जिंकले. शेतांची माती बदलायचे काम २०१२ साली पुरे झाले. पैसे मिळाले, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे गावकऱ्यांनी खाणीशी करार करून आत जाऊन तपासणी करण्याचा हक्क घेतला. सोबत त्यांच्या विश्वासाचे शास्त्रज्ञ, आणि खर्च कंपनीचा. तपासणीचा हक्क लिहून घेतल्याशिवाय ते उठले नाहीत.

गाळ काढला, ताकद गेली

हडसनची गोष्ट तिथेच संपली असती तर मी ती सांगितली नसती. १९८३ साली अमेरिकी सरकारने ती जागा साफ करायच्या यादीत घातली. १९९३ ते १९९५ या काळात तळाचा साधारण एक फूट गाळ उपसून रेल्वेने दुसऱ्या राज्यात नेला. खर्च नऊ-दहा कोटी डॉलरच्या घरात गेला, आणि तो कंपन्यांनी आणि सैन्याने भरला. ज्या कचऱ्याची विल्हेवाट रोजच्या रोज लावायला थोडका खर्च आला असता, त्याला पुढे एवढा पडला. आणि बॅटरी स्वस्त विकली जात होती तेव्हा हा खर्च तिच्या किमतीत कोणी धरलाच नव्हता. आपल्या कापसाच्या भावात जसा आपला पूर्ण खर्च धरत नाहीत, तसाच हा प्रकार.

गाळ निघाल्यावर शास्त्रज्ञांनी किडे पुन्हा तपासले. २००३ साली निकाल छापला : साफसफाईनंतर ९ ते १८ पिढ्यांत त्या किड्यांची कॅडमियम सोसण्याची ताकद जवळपास नाहीशी झाली. ते पुन्हा शेजारच्या साध्या किड्यांसारखे झाले. विष गेले की विष सोसण्याची गरज जाते, बाजूचे साधे किडे येऊन मिसळतात. बीटीच्या पाकिटासोबत बांधावर लावायला नॉन-बीटीची पुडी देत, त्यामागेही हाच विचार होता. ती आपण किती जणांनी लावली हा वेगळा विषय.

म्हणजे उशीर झाला तरी साफ करण्याला अर्थ आहे. "आता बिघडले ते बिघडले" असे म्हणणाऱ्याला हा किडा खोटे पाडतो.

आपण काय करायचे

संघटना कारखान्याच्या विरोधात नाही. आपल्या पोरांना काम हवे आहे. म्हणणे इतकेच की ज्याचा कचरा त्याचा खर्च. त्यासाठी पाच कामे.

पहिले. पावसाळा संपल्यावर, नाला वाहता असताना, कारखान्याच्या वर आणि खाली, दोन्हीकडे जाऊन दगड उलटे करा. वरच्या बाजूला तीन शेपट्यांचे चपटे किडे, खड्यांचे घर बांधून राहणारे किडे, गोगलगाई, शिंपले दिसतात आणि खाली नुसते लाल किडे उरलेत, तर समजा काही बिघडले आहे. लाल किडे साध्या सांडपाण्यातही माजतात, म्हणून एवढ्यावरून धातूचा आरोप करू नका. पण तपासणी मागायला एवढा पुरावा पुरे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानेही नद्यांची प्रत ठरवताना तळाच्या किड्यांची अशी पाहणी वापरली आहे.

दुसरे. पाण्याबरोबर गाळाची तपासणी मागा, आणि तीही वरच्या आणि खालच्या अशा दोन्ही ठिकाणची. आपल्या काळ्या पाषाणाच्या मातीत तांबे, निकेल, क्रोमियम मुळातच जरा जास्त असते. नुसता एक आकडा समोर ठेवून कोणीही कोणालाही फसवू शकेल. दोन आकडे शेजारी ठेवले की फरक बोलतो. मृद आरोग्य पत्रिकेच्या भरवशावर राहू नका. तिच्या बारा तपासण्यांत जस्त, तांबे आहे, कॅडमियम आणि शिसे नाही.

तिसरे. ज्या तलावावर कारखान्याचे किंवा शहराचे पाणी येते, तिथला गाळ तपासल्याशिवाय शेतात टाकायचा नाही, असा ग्रामसभेचा ठराव करा. आपली काळी, चुनखडीची जमीन कॅडमियम बरेचसे धरून ठेवते, पिकाला सहज देत नाही. हा आपला आधार आहे, पण तो परवाना नाही. रानात पसरलेला गाळ परत गोळा करता येत नाही.

चौथे. १९७४ च्या जलप्रदूषण कायद्याने कारखान्याला सांडपाणी सोडायला संमतिपत्र लागते. त्यात काय सोडायचे आणि किती, ते लिहिलेले असते. २००५ च्या माहिती अधिकारात त्याची नक्कल आणि तपासणीचे अहवाल मागा. अहवालात फक्त "मासे जिवंत" असे लिहिले असेल, तर आज ऐकलेले त्यांना ऐकवा.

पाचवे, आपल्या पोत्याबद्दल. शहरी कचऱ्याच्या कंपोस्टला खत नियंत्रण आदेशात किलोला ५ मिलिग्रॅम कॅडमियमची मर्यादा आहे. युरोपने २०२२ पासून फॉस्फेट खताला, दर किलो स्फुरदामागे ६० मिलिग्रॅमची मर्यादा लावली. आपली मागणी साधी आहे : फॉस्फेटच्या प्रत्येक पोत्यावर कॅडमियम किती ते छापा. विकत घेणाऱ्याला माल काय आहे हे कळलेच पाहिजे.

मित्रहो, सोसण्याची ताकद ही मोठी गोष्ट आहे असे आपल्याला लहानपणापासून सांगितले. कोरडवाहू शेतकरी सोसतो, म्हणून त्याचे कौतुक होते आणि कौतुक करणारे त्याच्यावर आणखी लादतात. हडसनच्या किड्यानेही पंचवीस वर्षे सोसले, आणि तो सोसतो आहे म्हणून सगळे ठीक आहे असे वरून पाहणाऱ्याला वाटत राहिले. त्याला ठराव करता येत नव्हता. आपल्याला येतो. या बैठकीतून परत गेल्यावर पहिल्या ग्रामसभेत गाळाचा ठराव मांडा, आणि त्याची नक्कल पुढच्या जिल्हा बैठकीला घेऊन या.